हर्डीकरबाईंचा तक्रार विभाग

आधी माफी मागतो. हर्डीकरबाईंविषयी लिहायला इंदुरात माझ्यापेक्षा लायक माणसं पुष्कळ आहेत, आणि त्यांनी लिहिलंही आहे. आमच्या मराठी मंडळाच्या स्मरणिकेत त्यांच्यावर अर्धं पान आलं आहे. उरलेल्या अर्ध्या पानावर एका पापड-मसाल्याच्या दुकानाची जाहिरात आहे. बाईंना त्यात ‘हसतमुख, मितभाषी आणि सर्वांशी मिळून-मिसळून वागणाऱ्या’ असं म्हटलं आहे. ज्यांनी ते लिहिलं ते वाचनालयात एकदाही पुस्तक न्यायला आले नव्हते, त्यामुळे त्यांचा दोष नाही. पापडांबद्दलची माहिती मात्र अचूक आहे.

माझी अडचण वेगळी आहे. माझी शाळा हिंदी माध्यमाची. घरी आम्ही मराठी बोलतो, पण त्या मराठीत ‘मतलब’ आणि ‘लेकिन’ न विचारता येऊन बसतात. माझे वडील मूळचे रावेरकडचे, पीथमपूरच्या एका कारखान्यात पत्रा दाबायची प्रेस चालवतात. आमच्या घरात आजवर लिहिला गेलेला सर्वांत मोठा मजकूर म्हणजे रजेचा अर्ज, तोही पप्पांनी सुपरवायझरकडून लिहून घेतलेला. कॉलेजात जाणारा मी पहिलाच. अशा माणसानं एखाद्याचं व्यक्तिचित्र लिहायला बसावं हा आगाऊपणा आहे, हे मला कळतं. बाईंनी हे वाचलं असतं तर म्हणाल्या असत्या, “सोनवणे, माफी दोन ओळींत आटप. मागे रांग आहे.” मागे रांग कधीच नसायची.

मी त्यांच्याकडे पहिल्यांदा गेलो तो पंख्यासाठी. राजेंद्र नगरात मंडळाचा हॉल आहे. लग्नं, मुंजी, साड्यांचे सेल हे सगळं तिथे होतं. हॉलच्या मागे एक लांबट खोली आहे, तिथे संध्याकाळी पाच ते सात वाचनालय उघडं असायचं. मी तेव्हा बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला होतो. पप्पांची रात्रपाळी चालू होती, म्हणजे दिवसभर घरात कुजबुजत बोलायचं. आमचं घर एका खोलीचं आहे. तिथे कुजबुजत फिजिक्सचं पाठांतर होत नाही. कुणीतरी सांगितलं, मंडळाच्या लायब्ररीत पंखा चालतो आणि कुणी येत नाही. मी गेलो, कोपऱ्यात बसलो आणि नोट्स उघडल्या.

टेबलामागून आवाज आला, “हे काय आहे?”

“नोट्स आहेत, मॅडम. एक्झाम है.”

“इथे अभ्यास करायला मनाई आहे.”

“लायब्ररीत?”

“अभ्यासाला सबंध पलासिया पडलाय. दर जिन्यावर एक कोचिंग आहे. इथे फक्त वेळ वाया घालवायचा. जमत असेल तर बस, नाहीतर पंखा बंद करते.”

मी वर पाहिलं. बुटक्या, काटकुळ्या, सुती साडीखाली पांढरे स्पोर्ट्स शूज, आणि चष्म्याच्या एका काडीला वायरमन लावतात तसली काळी टेप गुंडाळलेली. चेहऱ्यावर हसू नव्हतं. पंख्याच्या बटणावर बोट होतं. मी नोट्स बॅगेत ठेवल्या.

त्यांनी एक जाडजूड कादंबरी माझ्यापुढे सरकवली. मी घाबरून म्हणालो, “मॅडम, माझ्यानं इतकं मोठं वाचून नाही होणार.”

“वाच कोण म्हणतंय? सोड. जिथे कंटाळा येईल तिथे थांबायचं आणि मला पान सांगायचं.”

मी अकराव्या पानावर थांबलो. खरं म्हणजे सातव्यावरच थांबलो होतो, पण सात सांगायची लाज वाटली. बाईंनी रजिस्टर उघडलं. छापील रजिस्टर होतं. त्यात पुस्तकाचं नाव, सभासदाचं नाव, नेल्याची तारीख आणि शेवटचा रकाना ‘परत केल्याची तारीख’. तो शेवटचा मथळा बाईंनी खोडून वर निळ्या शाईनं लिहिलं होतं, ‘कुठे सोडले’. खाली आकडेच आकडे. चाळीस. सव्वीस. एकशे दोन. चाळीस. चाळीस.

“हे चाळीस तिघांनी सोडलंय,” त्या म्हणाल्या. “तिथे लेखकानं सूर्यास्त घातलाय. साडेतीन पानांचा. आता कुणी ते पुस्तक नेलं की मी सांगते, चाळीसवर खड्डा आहे, चव्वेचाळीसवर उतर. लोक सुखरूप पोचतात.”

मग माझ्याकडे पाहून म्हणाल्या, “सात का अकरा?”

“सात,” मी म्हणालो.

त्यांनी सात लिहिलं. मला वाटतं, मी परत गेलो तो त्या सातमुळे. तोवर मला कुणीही, कुठेही, कमी आकडा सांगितल्याबद्दल बसू दिलं नव्हतं.

बाई शिक्षिका असतील असं मला आधी वाटलं. तसं नव्हतं. त्यांची सगळी नोकरी वीज मंडळात, तक्रार विभागात गेली होती. आजोबा होळकरांच्या दप्तरात कारकून, वडील सरकारी कचेरीत, आणि त्या स्वतः लोकांच्या बंद पडलेल्या मीटरांवर. “आमच्या घराण्यात तीन पिढ्या दुसऱ्याचं लिहिलेलं वाचण्यात गेल्या,” त्या म्हणायच्या. “पण मी सगळ्यांत चांगलं वाचलं. माणूस प्रेमपत्रात खोटं लिहितो, निबंधात तर लिहितोच. तक्रारीत मात्र खरं लिहितो, कारण त्याला लाइट परत हवी असते.”

या एका सिद्धांतावर त्यांचं सगळं वाचनालय चालायचं. पुस्तक अर्ध्यात सोडायला पूर्ण परवानगी, पण सोडलं तर लेखकाच्या नावे तक्रार अर्ज लिहायचा. प्रति, माननीय लेखक महोदय. मग विषय. मग पान क्रमांक. भाषा सभ्य. आणि शेवटी नुकसान काय झालं ते.

“पुस्तकानं कसलं नुकसान होतं, बाई?” मी विचारलं होतं. तोवर मॅडमचं बाई झालं होतं.

“वीज गेली एवढंच कुणी लिहिलं तर लाइनमन खांबावर चढत नाही. चक्कीत दळण अडकलंय, म्हातारीचा दमा वाढलाय, पोराचा उद्या पेपर आहे, असं लिहिलं की चढतो. ‘पुस्तक बोर आहे’ म्हणजे ‘वीज गेली’. तुझ्या घरात काय अंधार झाला ते लिही.”

माझी पहिली तक्रार एका नावाजलेल्या पुस्तकाविरुद्ध होती. त्यात एक गरीब, होतकरू मुलगा रस्त्यावरच्या दिव्याखाली बसून वाचतो आणि मोठा माणूस होतो. मी लिहिलं होतं: ‘महोदय, मी हे स्वतः करून पाहिलं. दिव्याखाली किडे पडतात. आमच्या गल्लीत त्या जागेवर कुत्री झोपतात आणि ती उठवून घेत नाहीत. नुकसान: आपलं पुस्तक वाचून मला आमच्या घरातल्या ट्यूबलाइटची लाज वाटू लागली, वास्तविक ती पप्पांनी मोठ्या हौसेनं आणली आहे.’

बाईंनी ते वाचलं. ड्रॉवरमधून ‘प्राप्त’ असा रबरी शिक्का काढला, नोकरीतून निवृत्त होताना त्यांनी एवढी एकच वस्तू उचलून आणली होती. तो अर्जावर मारला आणि कागद त्याच पुस्तकात ठेवून दिला. पुढचा माणूस ते पुस्तक नेईल तेव्हा त्याला आधी माझी तक्रार मिळणार होती. कित्येक जण केवळ तक्रारी वाचायला पुस्तकं न्यायचे आणि मग तक्रार खोटी आहे हे सिद्ध करण्यासाठी पुस्तक पुढे वाचत जायचे. महूहून शनिवारी बसनं एक मुलगी यायची. तिनं एका नायिकेनं सत्तराव्या पानावरच घर सोडायला हवं होतं अशी तक्रार केली, ती चार पानं लांबली, कारण घर सोडून नायिका पुढे कुठे गेली असती तेही तिनं लिहून टाकलं होतं. बाई म्हणाल्या, “ही तक्रार माझ्या विभागात येत नाही. ही गोष्ट झाली. पुढच्या शनिवारी वही घेऊन ये.” कौतुक करायची त्यांची पद्धत ही एवढीच. आम्ही सात-आठ पोरं होतो, आणि आम्हाला कुणी लेखक व्हायला सांगितलं नव्हतं. आम्ही फक्त वैतागून लिहीत होतो.

अशा प्रकारे तरुणांमध्ये वाचनाची आवड निर्माण झालेली असताना, तरुणांमध्ये वाचनाची आवड निर्माण करायचं मंडळानं ठरवलं.

मंडळाचे सचिव दाणीसाहेब. पलासियात त्यांचे व्यक्तिमत्त्व विकासाचे क्लास आहेत, आणि स्वतःच्या व्यक्तिमत्त्वाचा विकास त्यांनी पूर्ण केला आहे. त्यांनी ‘युवा वाचन-लेखन पर्व’ जाहीर केलं. हॉलबाहेर फ्लेक्स लागला. त्यावर दाणीसाहेबांचा हात जोडलेला फोटो होता आणि त्यांच्या कोपराजवळ एक पुस्तक. थर्माकोलचं माणसाएवढं पुस्तक बनवून त्याला मधोमध भोक पाडलं होतं. त्यात तोंड घालून फोटो काढायचा. उद्घाटनाला पोहे-जिलबी होती आणि गर्दीही चांगली झाली. पोहे संपल्यावर वाचनाची आवड थोडी कमी झाली.

दुसऱ्या दिवशी दाणीसाहेब वाचनालयात आले. अहवालासाठी त्यांना आकडे हवे होते. रजिस्टर चाळता चाळता त्यांचा चेहरा पडला.

“बाई, हे रिपोर्टमध्ये कसं दाखवायचं? इथे तर कोणीच पुस्तक पूरा केलेलं नाही.”

“दोघांनी केलंय. त्यातल्या एकाला टायफॉइड होता.”

“मुलांना मोटिवेशन पाहिजे, बाई. टार्गेट दिलं पाहिजे. पंधरवड्यात पाच पुस्तकं.”

“सराफ्यातल्या खाऊगल्लीत रोज रात्री इतकी पोरं जिलबी खातात, दाणी. तिथे कुणी जिलबी-पर्व केलेलं मी तरी ऐकलं नाही.”

दाणीसाहेब हसले. आपल्यावर केलेला विनोद आपल्यालाच आधी कळला असं दाखवून हसायचं, हे त्यांच्या क्लासमध्ये शिकवतात. जाताना त्यांनी सांगितलं की पर्वाच्या समारोपाला लेखन स्पर्धा आहे, विषय ‘माझं घर आणि पुस्तक’, आणि बाईंच्या पोरांपैकी कुणीतरी पाहिजेच.

मी त्याच सुमारास एक पान लिहिलं होतं. स्पर्धेसाठी नव्हे. एका कथेत कारखान्यातल्या कामगाराच्या कपाळावर घामाचे मोती चमकतात असं होतं. मी तक्रार केली की कामगार असा नसतो. बाई म्हणाल्या, “लेखकानं बघितला नाही म्हणून मोती लावले. तू बघितलायस ना? मग बिनमोत्यांचा लिही.”

मी पप्पांची झोप लिहिली. पप्पांच्या प्रेसला दोन बटणं आहेत, एक डावीकडे, एक उजवीकडे. दोन्ही हातांनी एकाच वेळी दाबली तरच वरचा भार खाली येतो. एक हात चुकून आत राहू नये म्हणून तशी सोय आहे. रात्रभर पप्पा दोन्ही तळवे एकदम खाली दाबतात. सकाळी येऊन झोपतात तेव्हाही त्यांचे दोन्ही हात मधूनच उचलले जातात आणि एकदम खाली येतात. खाटेची कड लोखंडी आहे, उजवा हात तिच्यावर आपटतो. म्हणून आई स्वयंपाक अर्धवट सोडून येते आणि त्या हाताखाली उशी सरकवते, ते उठायच्या आधी काढून घेते. मी बाजूला अभ्यासाला बसतो आणि हात किती वेळा पडले ते मोजत राहतो, पान उलटायचं राहून जातं. एवढंच होतं ते.

बाईंनी ते दोनदा वाचलं. चष्मा काढला, टेप नीट केली, परत घातला. म्हणाल्या, “हं. हे कुठे सोडावं ते मला सापडलं नाही.” आणि शिक्का न मारता कागद ड्रॉवरमध्ये ठेवला.

त्याची एक नक्कल मी स्पर्धेत दिली. हे माझं मी केलं, बाईंनी सांगितलं नव्हतं. तिसऱ्या दिवशी दाणीसाहेबांनी मला बोलावून घेतलं आणि खांद्यावर हात ठेवला.

“भिया, क्या लिखा है. एकदम टच करतं. पण बघ, विषय आहे पुस्तक. यात पुस्तक कुठाय? आणि एंडिंगमध्ये होप पाहिजे. लोकांनी घरी काय न्यायचं? असं कर, शेवटी पप्पा उठतात, तुझं पुस्तक हातात घेतात, आणि... समजतंय ना? पहिलं बक्षीस तुझंच आहे, मी बोलतोय.”

मला समजत होतं. मी हे सगळं दाणीसाहेबांवर ढकलू शकतो, ते पान त्यांनी मागितलं होतं. पण लिहिलं मी. घरी बसून, माझ्या पेनानं, पंधरा मिनिटांत. त्यात पप्पा जागे होतात, माझं पुस्तक उघडतात, पहिली ओळ वाचतात आणि त्यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागतं. ते म्हणतात, ‘बाळा, मी मशीन चालवली, तू ज्ञान चालव.’ पप्पांनी मला जन्मात कधी बाळा म्हटलेलं नाही. उशीची जागा त्यात राहिली नाही, ती मी काढून टाकली.

समारोपाच्या आदल्या संध्याकाळी ते पान मी बाईंना दाखवलं. का दाखवलं ते सांगता येत नाही. त्यांनी खोडून काढावं असं वाटत असेल.

“हे कुणी लिहिलं?”

“मीच, बाई.”

“पप्पा कोणतं पुस्तक वाचून रडले?”

“पुस्तकाचं नाव नाही लिहिलेलं.”

“लिही ना. मलाही न्यायचंय. एवढी वर्षं झाली, पहिल्या ओळीत रडवणारं पुस्तक मला मिळालेलं नाही.”

मी खाली बघत राहिलो. “काढून टाकू का शेवट?”

“मला कशाला विचारतोस? मी काय परीक्षक आहे?” त्यांनी कागद माझ्या हातात दिला. “वाच. छान वाचशील. दुसऱ्याच्या बापाविषयी वाचताना माणूस अडखळत नाही.”

मी खरंच अडखळलो नाही. हॉल भरलेला होता. पप्पांनी पाळी बदलून घेतली होती. इस्त्रीचा शर्ट घालून ते दुसऱ्या रांगेत बसले होते, आई त्यांच्या शेजारी. माझं नाव पुकारल्यावर त्यांनी दोन्ही बाजूंना पाहिलं, इतरांनी ऐकलं ना म्हणून. मी वाचलं. घळाघळा पाण्यापाशी आलो तेव्हा समोरच्या बायकांनी पदर डोळ्यांना लावले. पप्पा माझ्याकडे बघत होते. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता. एखादी ओळखीची मशीन भलताच आवाज करायला लागली की ते जसे मान वाकडी करून ऐकतात, तसे ते ऐकत होते.

टाळ्या थांबेनात. दाणीसाहेबांना तेवढ्यानं समाधान झालं नाही. त्यांनी माइक घेतला. “आणि हे वडील आज आपल्यात उपस्थित आहेत. सोनवणेजी, वर या. या, या.” पप्पा चपला काढून स्टेजवर चढले. दाणीसाहेबांनी त्यांच्या खांद्यांवर शाल घातली, माइक तोंडाशी धरला आणि विचारलं, “सोनवणेजी, सध्या आपण कोणतं पुस्तक वाचताय?”

पप्पांनी माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, आता ते सांगतील की मला चष्म्याशिवाय बारीक अक्षर दिसत नाही आणि चष्मा मी अजून केलेला नाही. त्यांनी लागेल तिथे सही केलेली आहे, पण खोटी सही कधी केलेली नाही.

“चालू आहे,” पप्पा म्हणाले. “थोडं थोडं.”

पुन्हा टाळ्या. शेवटच्या रांगेत हर्डीकरबाई होत्या. त्या टाळ्या वाजवत नव्हत्या, माझ्याकडे बघतही नव्हत्या. त्या पप्पांकडे बघत होत्या.

घरी येताना मोटारसायकलवर मी मध्ये, आई मागे. चौइथरामच्या चौकात सिग्नलला थांबलो तेव्हा पप्पा म्हणाले, “माइकवर आवाज चांगला येत होता तुझा.” तेवढंच. सन्मानचिन्ह टीव्हीवर ठेवलं गेलं. त्यात एक उघडं पुस्तक आहे आणि पुस्तकातून उगवणारा सूर्य. आई ते रोज पुसते. मी त्याच्यासमोर बसून जेवतो.

त्यानंतर मी वाचनालयात गेलो नाही. आधी म्हटलं, परीक्षा आहे. मग परीक्षा झाली. मग म्हटलं, प्रॅक्टिकल आहे. एकदा हॉलच्या फाटकापर्यंत गेलो. आतून बाई कुणाला तरी सांगत होत्या, “पंधरा? खरं सांग. लाजायचं काय त्यात, मोठमोठी माणसं तिसऱ्यावर पडलीत.” मी परत फिरलो. एकदा त्यांना तक्रार अर्ज लिहायला घेतला, माझ्याच पानाविरुद्ध. विषय लिहिला, पान क्रमांक लिहिला. नुकसान या शब्दाशी आलो आणि थांबलो, कारण नुकसान काय झालं ते मला ज्याचं झालं त्या माणसालाच आधी विचारायला हवं होतं, आणि तो माणूस समोर खाटेवर झोपलेला होता.

घरात कुणी तो विषय काढला नाही. पप्पा नेहमीसारखेच होते. कॉलेजचं विचारायचे, फी भरायची तारीख विचारायचे. नेहमीसारखे होते हेच मला जड जात होतं. मी नुसतं ‘पप्पा, ते मी खोटं लिहिलं’ एवढं वाक्य किती वेळा तयार केलं असेल. ते मराठीत नीट बसायचं नाही आणि हिंदीत फारच सोपं वाटायचं.

संक्रांतीच्या आधीची गोष्ट. गुरुवार होता, पप्पांची सुट्टी. मी कॉलेजातून आलो तर ते दारात पायरीवर बसले होते, बाहेर जायचे कपडे अजून अंगावर.

म्हणाले, “बाई गेल्या. मागच्या शुक्रवारीच गेल्या म्हणे. झोपेतच.”

“कोणत्या बाई?”

“तुझ्या. हर्डीकरबाई.”

मी फोन काढला. मंडळाच्या ग्रुपचा आवाज मी समारोपापासून बंद करून ठेवला होता. उघडून पाहिलं. खरंच शुक्रवारची बातमी होती. तिळाच्या वड्यांची ऑर्डर आणि हळदी-कुंकवाची वेळ यांच्या मध्ये चाळीसेक हात जोडलेले होते. दाणीसाहेबांनी लिहिलं होतं की वाचनालयाला बाईंचं नाव देण्यात येईल आणि खोलीत लवकरच एसी बसवून स्पर्धा परीक्षांसाठी अभ्यासिका सुरू होईल.

मी पायरीवर पप्पांच्या शेजारी बसलो. “पण तुम्हाला कसं कळलं?”

“आत्ता गेलो होतो ना तिकडं. कुलूप होतं. चौकीदारानं सांगितलं.”

“तुम्ही तिकडे कशाला गेला होता?”

पप्पा चपलेच्या पट्ट्याशी खेळत राहिले. “जातो मी मधून मधून. त्या प्रोग्रामच्या नंतरच्या गुरुवारी पहिल्यांदा गेलो. म्हटलं, पोरगं माझ्या नावानं खोटं का बोललं असेल. मारत तर मी कधी नाही. तुला विचारलं असतं तर तू घाबरला असतास. म्हणून बाईंना विचारलं.”

“मग?”

“त्यांनी ड्रॉवरमधून तुझा कागद काढला. म्हणाल्या, हे खरं आहे, ऐका. वाचून दाखवला.” त्यांनी स्वतःच्या तळव्यांकडे पाहिलं. “बटणांचं बरोबर लिहिलंस. हात हलतात ते मला माहीत नव्हतं, पण असेल. मगर ते उशीचं...” त्यांनी आत पाहिलं. आई कणीक मळत होती. “ते मला कुणी सांगितलंच नव्हतं, एवढ्या वर्षांत.”

मी म्हणालो, “पप्पा, मला का नाही सांगितलं, तुम्ही ऐकलं म्हणून?”

“तू तरी कुठं सांगितलंस, तू लिहिलं म्हणून?”

आत आईनं तवा गॅसवर ठेवला.

“दिवाळीनंतर गेलो होतो,” ते म्हणाले, “तेव्हा मी विचारलं त्यांना. म्हटलं, बाई, पोरगं येत नाही तुमच्याकडं, घरीही काही लिहिताना दिसत नाही. सोडलं का त्यानं? पुढं काही होईल का याचं?”

“काय म्हणाल्या?”

पप्पांनी आठवून आठवून, एकही शब्द इकडचा तिकडे होऊ नये अशा बेतानं सांगितलं, “म्हणाल्या, खोटं लिहून ज्याला लाज वाटत नाही तो मंडळाचा सचिव होतो. तुमचा चार महिने तोंड लपवून फिरतोय. थांबा जरा.”